आठ जण, चार केबिन आणि मेक्सिकोची तीन बंदरं: मित्रांसोबतची पहिली क्रूझ कशी आखावी

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच, "यंदा क्रूझ करायची का?" पंधरा अंगठे वर होतात आणि विषय तिथेच बुडतो. आमचाही तीन वर्षं बुडत होता. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही आठ जण, म्हणजे चार जोडपी, लॉस एंजेलिसच्या सान पेद्रो बंदरातून निघालो आणि सात रात्रींनी भांडण न होता परत आलो. आठ मराठी माणसं आठवडाभर एकत्र राहून भांडली नाहीत, यात जहाज कंपनीचं श्रेय फार कमी आहे. जहाज आपलं आपण चालतं. आखायचं असतं ते मित्रमंडळ.

मी लिहिते आहे ते 'मेक्सिकन रिव्हिएरा' या नावाने विकल्या जाणाऱ्या सात रात्रींच्या फेरीबद्दल. लॉस एंजेलिस, लाँग बीच किंवा सान दिएगोहून निघायचं, पुएर्तो वायार्ता, मासातलान आणि काबो सान लुकास ही तीन बंदरं करायची आणि निघालो तिथेच परतायचं. तीन दिवस नुसता समुद्र, तीन दिवस बंदरं. बंदरांचा क्रम जहाजागणिक बदलतो.

तीन-चार रात्रींची छोटी फेरीही असते. ती बहुधा मेक्सिकोतल्या एन्सेनादाला शिवून येते. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन तिथेच परत सोडायचे असतील, तर मध्ये एखादं परदेशी बंदर करावंच लागतं. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची. सीमेपासून जवळ असलेल्या एन्सेनादाच्या धक्क्यावर एवढी वर्दळ असते त्यामागे हा कायदाही आहे. पहिल्या वेळी छोटी फेरी करून बघू, असं सगळे म्हणतात. माझं मत उलटं आहे. छोट्या फेरीत जहाज कळेपर्यंत उतरायची वेळ येते, आणि वीकेंडच्या त्या बोटींवर बॅचलर पार्ट्यांचा धुमाकूळ असतो. सुट्टी मिळत असेल तर सातच रात्री घ्या.

पहिलं काम: माणसं मोजा, मग तारीख धरा

"जमेल तसं बघू" म्हणणारा माणूस यादीत धरू नका. ज्याने डिपॉझिट भरलं तो येणार, बाकीचे शुभेच्छुक. आम्ही तारीख जाहीर करून दहा दिवसांची मुदत दिली. चौदातले आठ उरले आणि ते बरंच झालं.

संख्या सम असावी. भाडं एका केबिनमध्ये दोघं या हिशोबाने असतं. एकट्या माणसाला बहुतेक वेळा दोघांचं भाडं पडतं. तिसरा आणि चौथा त्याच केबिनमध्ये आले तर स्वस्तात येतात, पण चाळिशीतली चार माणसं त्या खोलीत आणि त्या न्हाणीघरात सात दिवस कोंबू नयेत. तुमच्या आठ किंवा जास्त केबिन होत असतील, तर एजंटला 'ग्रुप रेट' विचारा. साधारण तेवढ्या संख्येला बऱ्याच कंपन्या काहीतरी सूट देतात.

हवामानाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते एप्रिल उत्तम. पूर्व पॅसिफिकमधला वादळांचा मोसम १५ मे ते ३० नोव्हेंबर असा धरतात. त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर टाळलेले बरे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत काबोच्या आसपास हंपबॅक देवमासे असतात, म्हणून आम्ही फेब्रुवारी धरला.

दुसरं काम: प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून बघा

"माझे पेपर्स ओके आहेत" यावर विश्वास ठेवू नका. ग्रुपमध्ये एकाचे जरी कागद अडले, तरी सगळ्यांची मजा जाते.

भारतीय पासपोर्ट असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, पण त्यासाठी मुदतीत असलेला अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा ग्रीन कार्ड हवं. घोळ होतो तो इथेच. एच-वनवाल्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या अनेकांकडे मुदतवाढीचा कागद असतो, पण पासपोर्टमधला व्हिसाचा स्टॅम्प केव्हाच संपलेला असतो. तीस दिवसांच्या आत मेक्सिकोला जाऊन आलं तर संपलेल्या स्टॅम्पवरही अमेरिकेत परत घेण्याची तरतूद नियमांत आहे. पण ती परतीची झाली. मेक्सिकोत शिरण्याचं काय? आणि त्याहीआधी धक्क्यावरच्या काउंटरला बसलेला माणूस यादी बघून 'नाही' म्हणतो, तेव्हा मागे हजार माणसांची रांग असते. तिथे कायदा समजावत बसायला कुणालाच वेळ नसतो. स्टॅम्प संपला असेल तर क्रूझ पुढच्या वर्षी करा. स्टॅम्प जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट घ्या. ग्रीन कार्ड मूळच हवं, फोनमधला फोटो चालत नाही. विद्यार्थी असाल तर आय-२० वर, म्हणजे कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, प्रवासाची सही ताजी आहे ना, ते कॉलेजमधून बघून घ्या.

अमेरिकेचे नागरिक झालेल्यांना अशा जाऊन-येऊन फेरीत इतर ओळखपत्रांवरही चढता येतं. तरी पासपोर्ट घ्याच. मध्येच काही झालं आणि मेक्सिकोतून विमानाने परतायची वेळ आली, तर तो लागतोच.

तिसरं काम: पैशाचं आधी बोला

जाहिरातीतला आकडा खरा नसतो. त्यावर कर आणि बंदर शुल्क चढतं. मेक्सिकोने १ जुलै २०२५ पासून क्रूझच्या प्रवाशांवर माणशी ५ डॉलरचा करही लावला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने वाढणार आहे. त्यानंतर टिप. ती माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर धरा, म्हणजे दोघांची सात दिवसांची २२४ ते २८० डॉलर झाली. ती आपोआप बिलात चढते. काही जण ती काउंटरवर जाऊन कमी करून घेतात. कृपा करून तसं करू नका. तुमची खोली आवरणारा आणि तुम्हाला वाढणारा यांचा पगार त्यावर उभा असतो.

आम्ही एकाला खजिनदार नेमलं होतं. नियम एकच: जहाजावरचा खर्च ज्याचा त्याचा, किनाऱ्यावरचा खर्च सामायिक. प्रत्येक केबिनला स्वतंत्र क्रेडिट कार्ड जोडा. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या कार्डावर सगळं लिहिलं जातं, आणि चार केबिन एकाच्या कार्डाला जोडल्या तर शेवटच्या दिवशी मैत्रीची परीक्षा होते.

दारूचं पॅकेज घेताना बऱ्याचदा एक अट असते: केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. नवरा पितो आणि बायको लिंबूपाणी घेते अशा घरात हे सरळ नुकसान आहे. त्यांनी पेल्यागणिक पैसे द्यावेत.

केबिन निवडताना सगळ्यांनी एकाच प्रकारची घ्यावी असं काही नाही. आमच्यातल्या दोन जोडप्यांनी बाल्कनी घेतली, दोन जोडप्यांनी बिनखिडकीची आतली खोली. संध्याकाळी सगळे बाल्कनीवाल्यांकडेच जमत होते, ते सोडा. आतल्या खोलीत मिट्ट काळोख असतो, झोप झकास लागते. ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन घ्यावी. झोपाळ्याच्या टोकाला झोका मोठा असतो, तसंच जहाजाच्या टोकाला.

सगळी बुकिंग एकमेकांना 'लिंक' करायला सांगा. नाहीतर रात्रीच्या जेवणाला दोन जण पाचव्या मजल्यावर आणि सहा जण चौथ्यावर, असं होतं. उरलेली रक्कम साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरावी लागते. त्यानंतर रद्द केलं तर पैसे कापले जातात. प्रवास विमाही तेव्हाच काढा. अमेरिकेतला नोकरीचा आरोग्य विमा समुद्रावर बऱ्याचदा चालत नाही. जहाजावरचा डॉक्टर महाग असतो, आणि तिथून हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर बोलायलाच नको.

बॅग

मोठी बॅग धक्क्यावर हमालाच्या हवाली करायची. ती संध्याकाळपर्यंत खोलीत येते. म्हणून औषधं, पासपोर्ट, पोहण्याचे कपडे आणि एक स्वेटर पाठीवरच्या बॅगेत ठेवा. स्वेटर कशाला, असं आम्हीही म्हणालो होतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने वाहणारं पाणी थंड आहे. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी डेकवर वारा असा झोंबतो की मेक्सिकोला निघालोय की मसुरीला ते कळत नाही.

इस्त्री, विजेची किटली, राइस कुकर, इंडक्शन यातलं काही नेऊ नका. तपासणीत काढून घेतात. मेणबत्ती, निरांजन, उदबत्तीही नाही. घरचं शिजवलेलं अन्न चढू देत नाहीत, पण दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं. त्यामुळे भाकरवडी, चिवडा, लोणच्याचं पाकीट बिनधास्त घ्या. चौथ्या दिवशी लोणच्याला सोन्याचा भाव येतो. ई-सिगारेट ओढणारा कुणी असेल तर ती घरीच ठेवायला सांगा, मेक्सिकोत ती नेणं बेकायदा आहे.

चढण्याचा दिवस

बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच बंदराजवळ मुक्काम करावा. हिवाळ्यात वाटेतला ग्रेपवाइनचा घाट बर्फामुळे कधीकधी बंद होतो. जहाज कुणासाठी थांबत नाही.

ऑनलाइन चेक-इन उघडल्याबरोबर करा आणि सगळ्यांनी एकच वेळ निवडा. चढल्यावर सगळी गर्दी बुफेकडे धावते. तुम्ही आधी 'मस्टर' उरका, म्हणजे संकटकाळी कुठे जमायचं ते दाखवणारी सक्तीची कवायत. मग थेट मुख्य डायनिंग हॉलमध्ये जाऊन शाकाहारी किती, अंडं कोणाला चालतं, कांदा-लसूण कोणाला चालत नाही, हे तिथल्या मुख्य वेटरला सांगून या. क्रूझच्या जहाजांवर गोव्याची, मुंबईची, कोकणातली माणसं भरपूर असतात. आमच्या टेबलचा वेटर मडगावचा निघाला. आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी डाळ, एक भाजी आणि भात यायचा. मेनूकार्डात त्यातलं काही नव्हतं. मागणाऱ्यालाच मिळतं.

समुद्रावरचे दिवस

बोट लागू नये म्हणून गोळी आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेक पोटात टिकतच नाही. कुठली घ्यायची ते आपल्या डॉक्टरला विचारून ठेवा. आल्याचा तुकडा, हिरवं सफरचंद, कोरडा पाव, आणि नजर क्षितिजावर. खोलीत आडवं पडून फोन बघणं सगळ्यात वाईट.

फोन पहिल्या दिवसापासून एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं. बंदरात पोचल्यावर तुमच्या प्लॅनमध्ये मेक्सिको असेल तर मोड काढा.

आता या लेखातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दिवसभर आठ जणांनी कळपाने फिरू नका. आमचं ठरलं होतं की सकाळपासून ज्याने त्याने हवं ते करावं. कुणी पोहावं, कुणी पुस्तक घेऊन पडावं, कुणी जिममध्ये जावं, आणि "कुठे आहेस?" असं कुणी कुणाला विचारायचं नाही. रात्री साडेसातला जेवणाला मात्र सगळ्यांनी यायचं. दिवसभर वेगळे असल्यामुळे रात्री सांगायला काहीतरी असायचं. आधीच्या एका रोड ट्रिपमध्ये आम्ही सगळे चोवीस तास एकत्र होतो आणि तिसऱ्या दिवशी इडली की पॅनकेक यावरून अबोला झाला होता. त्यातून आलेलं हे शहाणपण.

बंदर पहिलं: पुएर्तो वायार्ता

बंदरं स्वतःची स्वतः करायची की जहाजाची सहल घ्यायची? जहाजाची सहल महाग असते, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः गेलात तर थांबत नाही. आम्ही दूरच्या ठिकाणांना जहाजाची सहल आणि गावातल्या गावात स्वतःचे पाय, असा नियम ठेवला. या तिन्ही गावांत पायच जास्त कामाला आले.

वायार्तात जहाज मरीनाला लागतं. जुनं गाव तिथून काही किलोमीटरवर. दारातल्या टॅक्सीवाल्यांचे भाव चढे असतात. बाहेर मुख्य रस्त्यावर या, 'सेंत्रो' लिहिलेली बस पकडा. उतरल्यावर समुद्राकाठचा मालेकोन, म्हणजे आपला मरीन ड्राइव्ह, पण गाड्यांविना आणि दर पन्नास पावलांवर शिल्पं. डोक्यावर मुकुट असलेलं ग्वादालुपेच्या मातेचं चर्च मागेच आहे.

मालेकोनवर एक माणूस मोठा भोपळा घेऊन उभा होता. वाळवलेला, पोकळ केलेला. त्यातून त्याने पांढरट पेय पेल्यात ओतलं, वर सफरचंदाचे बारीक तुकडे आणि दाणे टाकले. नाव 'तुबा'. आमच्यातल्या मालवणच्या मित्राने एक घोट घेतला, थांबला, आणखी एक घेतला आणि म्हणाला, "अरे, ही माडी!" खरंच होतं. तुबा हा माडाचाच रस. मनिला ते आकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं १५६५ पासून अडीचशे वर्षं ये-जा करत होती. त्यांच्यावरून आलेल्या फिलिपिनो खलाशांनी माडातून रस काढायची कला या किनाऱ्यावर आणली. उलट दिशेने आपल्याकडे आलेल्या गोष्टींची यादी तर मोठी आहे: मिरची, पेरू, सीताफळ, चिकू. चिकू हा शब्दही इथल्या नाउआत्ल भाषेतून निघालेला. मालवणकराने तीन पेले घेतले. ताजा तुबा गोड असतो, चढत नाही. त्याची थोडी निराशा झाली.

शाकाहाऱ्यांनी इथे सावध राहायचं. "मांस नको" म्हटलं तरी घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: "सोय वेहेतारियानो. सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका." बाईने 'वेहेतारियाना' म्हणायचं. 'मान्तेका' म्हणजे ती चरबी. निवडुंगाच्या पानांची भाजी, नोपालेस, मिळाली तर सोडू नका. भेंडीसारखी थोडी बुळबुळीत, थोडी आंबट असते. पाणी बाटलीचंच प्या.

आणखी एक. पेसोचं चिन्हही डॉलरचंच. मेनूवर '$१८०' वाचून आमच्या खजिनदाराने खुर्ची मागे सरकवली होती. ते पेसो होते. डॉलर घेतात सगळे, पण भाव त्यांचा. थोडे पेसो बँकेच्या एटीएममधून काढा.

बंदर दुसरं: मासातलान

मासातलान हे सिनालोआ राज्यात आहे. या राज्याचं नाव बातम्यांत कशासाठी येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. निघण्याआधी अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रवास सूचना वाचा. परिस्थिती बघून कंपनी ऐनवेळी बंदर गाळते, करारात तसं लिहिलेलं असतं. तेव्हा वाद घालून उपयोग नसतो, बंदर शुल्क मात्र परत मिळतं. आम्ही उतरलो आणि दिवसाउजेडी जुन्या गावातच राहिलो.

तिघांतलं माझं आवडतं गाव हेच. बंदर मालवाहू जहाजांचं, त्यामुळे फाटकापर्यंत ट्रामने सोडतात. तिथून जमिनीवर निळी रेघ आखलेली आहे. ती धरून चालत गेलं की जुनं गाव येतं, रस्ता विचारावा लागत नाही. चालायचं नसेल तर 'पुलमोनिया' करा. गोल्फच्या गाडीसारखी, चारही बाजूंनी उघडी टॅक्सी. नावाचा अर्थ न्यूमोनिया. उघड्या गाडीत वारा लागून न्यूमोनिया होईल, या थट्टेतून ते पडलं. बसण्याआधी भाडं ठरवा, रिक्षाच्या बाबतीत आपल्याला ते शिकवावं लागत नाही.

प्लासुएला माचादो चौकात कॉफी घ्या, शेजारचं आंखेला पेराल्ताच्या नावाचं नाट्यगृह बघा. ही मेक्सिकोची मोठी ऑपेरा गायिका. १८८३ मध्ये दौऱ्यावर इथे आली आणि पिवळ्या तापाने याच गावात वारली. पाय मजबूत असतील तर १५७ मीटर उंचीवरच्या दीपगृहाची टेकडी चढा, पण सकाळी. रोज पर्वती चढणाऱ्याला जड नाही. समुद्राकाठी शहाळंवाला दिसेल. पाणी पिऊन झालं की तो खोबरं कापून त्यावर लिंबू, मीठ आणि लाल तिखट घालून देतो. आपण इतकी वर्षं हे का केलं नाही, असं वाटतं.

बंदर तिसरं: काबो सान लुकास

इथे मोठ्या जहाजासाठी धक्का नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि छोट्या होड्या, ज्यांना 'टेंडर' म्हणतात, किनाऱ्याला नेतात. गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये उडी मारून चढलेल्यांना यात नवल नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. समुद्र खवळला तर काबो रद्दही होतं. सकाळी रांग लांब असते. घाई नसेल तर नाश्ता सावकाश करून दहानंतर निघा.

मरीनावर पाय ठेवताच "फुकट टॅक्सी, फुकट टकीला" असा पुकारा होतो. ते टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला हिस्सा विकणारे. न थांबता पुढे जा. छोटी होडी ठरवून एल आर्को या खडकाच्या कमानीपर्यंत जाऊन या. पॅसिफिक आणि कोर्तेसचा समुद्र इथे मिळतात, खालच्या खडकांवर समुद्रसिंह लोळत असतात. पोहायचं तर मेदानो किनाऱ्यावरच. कमानीजवळ दोन किनारे पाठीला पाठ लावून आहेत. एकाला प्रेमिकांचा म्हणतात, दुसऱ्याला घटस्फोटाचा. घटस्फोटाचा पॅसिफिकच्या बाजूचा. तिथली ओढ माणसाला आत खेचते, त्या पाण्यात पाऊलही टाकू नका.

आमची एकमेव फजिती इथेच झाली. जहाजाने घड्याळं वायार्ताच्या वेळेवर नेली होती आणि तिथेच ठेवली होती. काबोची वेळ त्याच्या एक तास मागे. फोनने किनाऱ्याचा टॉवर पकडून आपलं घड्याळ गुपचूप एक तास मागे घेतलं. आमच्यातले दोघं मरीनावर चिप्स खात बसले होते, फोनमध्ये साडेतीन वाजले होते, शेवटची होडी साडेचारची. प्रत्यक्षात जहाजावर साडेचार वाजत होते. बायकोच्या हातातल्या साध्या घड्याळाकडे लक्ष गेलं म्हणून पळाले. धक्क्यावर पोचले तेव्हा खलाशी दोरखंड सोडत होता. पोटात चिप्स, हातात चपला. जहाजाची वेळ तीच खरी. ती लावलेलं एक साधं मनगटी घड्याळ प्रत्येकाच्या हातात हवं.

परत येताना

शेवटच्या रात्री काउंटरवर रांग लागते, म्हणून बिल त्याच्या आदल्या दिवशीच तपासा. आमच्या एका खोलीच्या नावावर दोन अनोळखी कॉकटेल होती, सांगितल्यावर लगेच काढली. किनाऱ्यावर घेतलेल्या दारूच्या बाटल्या जहाज आपल्याकडे ठेवून घेतं आणि शेवटी देतं. एकवीस वर्षांवरच्या माणसाला एक लिटर करमुक्त आणता येते. बुफेतलं सफरचंद, केळं बॅगेत ठेवून उतरू नका, अमेरिकेत बहुतेक ताजी फळं आणायला मनाई आहे. बॅगा स्वतः ओढत उतरायची तयारी असेल तर सगळ्यात आधी सोडतात. परतीचं विमान तरीही दुपारनंतरचंच घ्या. व्हिसावाल्यांनी घरी पोचल्यावर आपला आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, ऑनलाइन उघडून तारीख बघावी.

आणि सामायिक खर्चाचा हिशोब जहाजावरच मिटवा. आमच्या खजिनदाराने शेवटच्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर कागद ठेवला: पुलमोनिया, होडी, शहाळी, चार जणांची कॉफी, आणि मालवणकराच्या नावावर तुबाचे तीन पेले.